मान्सूनची रेषा

१८९९ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानच्या हवामान खात्याने पावसाचा अंदाज वर्तवला. यंदा पाऊस चांगला होईल, असा त्याचा सूर होता. खात्याचे प्रमुख जॉन एलियट यांच्या गाठीशी बरीच वर्षे होती, हाताशी हिमालयातल्या बर्फाचे अहवाल होते, हिंदी महासागरातल्या वाऱ्यांच्या नोंदी होत्या. तरीही त्या साली पावसाने पाठ फिरवली. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थान करपला. गुजरात-राजस्थानात विक्रम संवत १९५६ मधला हा दुष्काळ ‘छप्पनियो’ या नावाने अजून सांगितला जातो. मुंबई इलाख्यातल्या दख्खनी जिल्ह्यांनाही त्याची झळ बसली. वर्तमानपत्रांनी खात्यावर टीकेची झोड उठवली. पुढे काही वर्षे पावसाचा अंदाज लोकांसाठी छापणेच बंद झाले. तो फक्त सरकारी वरिष्ठांकडे गोपनीय म्हणून जाऊ लागला.

एलियट निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी आलेला माणूस हवामानतज्ज्ञ नव्हताच. तो केंब्रिजचा गणिती होता. त्याने सोबत एक नवे हत्यार आणले: दोन गोष्टी एकमेकींच्या साथीने किती बदलतात, हे एका आकड्यात सांगणारा सहसंबंध गुणांक. ठिपक्यांचा आलेख, त्यांतून जाणारी रेषा आणि तो आकडा, या तिन्हींची सर्वांत मोठी आणि सर्वांत कठोर परीक्षा आपल्या मान्सूनने घेतली. तिचे निकाल पुण्यातही लागले आणि एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव त्यांच्याशी कायमचे जोडले गेले.

दुष्काळाने दिलेला प्रश्न

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. घडी बसते न बसते तोच १८७६ ते ७८ चा महादुष्काळ आला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या पट्ट्यात माणसे आणि जनावरे तडफडून मेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काकांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारपुढे दुष्काळाची हकिगत मांडली. पाऊस कधी दगा देणार हे आधी कळू शकते का, हा प्रश्न आता राज्यकारभाराचा प्रश्न झाला.

ब्लॅनफर्ड यांनी दूरदूरच्या वेधशाळांकडून हवेच्या दाबाच्या नोंदी मागवल्या. दुष्काळाच्या काळात हवेचा दाब फक्त हिंदुस्थानातच चढलेला नव्हता. फार मोठ्या टापूवर तो चढलेला होता. मुंबईतले हवामान अधिकारी फ्रेडरिक चेंबर्स यांनीही मुंबईच्या वायुभारमापकाचे चढउतार दूरच्या उष्णकटिबंधीय ठाण्यांच्या चढउतारांशी ताडून पाहिले आणि १८८० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. ब्लॅनफर्ड यांना आणखी एक खूण दिसली. ज्या वर्षी हिमालयावर वसंतात जास्त बर्फ पडते, त्या वर्षी कोरडे वारे जोर धरतात आणि पाऊस कमी पडतो. १८८४ मध्ये त्यांनी हा विचार लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला आणि ४ जून १८८६ रोजी हिंदुस्थान व ब्रह्मदेशासाठी पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध केला.

ब्लॅनफर्ड यांची नजर तीक्ष्ण होती, पण त्यांचा पुरावा म्हणजे थोड्या वर्षांच्या नोंदी आणि अनुभवी डोळा. बर्फ आणि पाऊस यांचे नाते किती घट्ट आहे? दहांतल्या किती वर्षी ते खरे ठरेल? बर्फ आणि मॉरिशससारख्या दूरच्या ठाण्याचा दाब यांनी उलटसुलट कौल दिले तर कोणाचे ऐकायचे? अशा प्रश्नांना त्यांच्याकडे मोजमाप नव्हते. एलियट यांची पंचाईत नेमकी इथेच झाली. खुणा वाढत गेल्या, पण त्यांना तोलायचा काटा नव्हता. तो काटा त्याच सुमारास लंडनमध्ये तयार होत होता.

वाटाणे, उंची आणि एक तक्ता

कागदावर दोन अक्ष आखून ठिपके मांडायचे आणि त्यांतून एक वळण काढायचे, ही युक्ती खगोलशास्त्रज्ञांकडून आली. जॉन हर्शेल यांनी १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला जोडताऱ्यांच्या कक्षा शोधताना निरीक्षणांचे ठिपके आलेखावर मांडले आणि त्यांतून डोळ्याच्या अंदाजाने एक सलग वक्ररेषा काढली. एकेका ठिपक्यात चूक असली तरी सगळ्यांना मिळून जो कल दिसतो तो अधिक भरवशाचा, हा त्यांचा विचार होता.

डोळ्याऐवजी गणिताने रेषा काढायची रीत त्याआधीच हाती आली होती. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये छापली. जर्मनीच्या गाउस यांनी १८०९ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. रीत अशी: प्रत्येक ठिपक्यापासून रेषेपर्यंतचे उभे अंतर मोजायचे, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची. ही बेरीज जिच्या बाबतीत सर्वांत कमी, ती रेषा त्या ठिपक्यांना सर्वांत जवळची. वर्ग केल्यामुळे वरची आणि खालची अंतरे एकमेकांना खोडत नाहीत. मात्र त्यामुळेच लांब पडलेल्या ठिपक्याचे वजन फार वाढते; एखादे विपरीत वर्ष सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेऊ शकते. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण मान्सूनच्या नोंदीत विपरीत वर्षांची वाण नाही.

तारे एका नियमाने फिरतात. त्यांच्या ठिपक्यांचा विस्कळीतपणा हा मोजणाऱ्याच्या चुकीतून येतो. माणसांची उंची, पिकांची वाढ, पाऊस यांचे तसे नाही. तिथे विस्कळीतपणा खुद्द निसर्गातच असतो. अशा जगात नाते कसे मोजायचे, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी दाखवले. गाल्टन म्हणजे चार्ल्स डार्विन यांचे आतेभाऊ-मामेभावांच्या नात्यातले, प्रवासी, आणि हवामानाचेही अभ्यासक. १ एप्रिल १८७५ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापलेला हवामानाचा नकाशा त्यांनीच तयार केला होता. त्याच वर्षी त्यांनी गोड वाटाण्याच्या बिया आकारानुसार सात गटांत लावून मित्रांकडे पेरायला पाठवल्या. मोठ्या बियांची संतती मोठी निघाली, पण आईइतकी मोठी निघाली नाही. लहान बियांची संतती लहान, पण तितकी लहान नाही.

मग ते माणसांकडे वळले. २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीचा तक्ता त्यांनी मांडला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापात आणली आणि आईबापांची मिळून सरासरी काढली. तक्त्यात आकड्यांची गर्दी एका तिरक्या लंबवर्तुळात जमलेली दिसली, आणि तिच्यातून जाणाऱ्या रेषेचा चढ सुमारे दोन तृतीयांश निघाला. म्हणजे आईबाप सरासरीपेक्षा तीन इंच उंच असतील तर त्यांची मुले सरासरीने दोनच इंच उंच. टोकाकडून मध्याकडे येण्याचा हा कल त्यांनी १८८६ मध्ये छापला. रिग्रेशन हे नाव संख्याशास्त्रात आले ते इथून.

१८८८ मध्ये गाल्टन यांनी पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक माप त्याच्या स्वतःच्या विखुरलेपणाच्या एककात मोजले तर रेषेचा चढ दोन्ही बाजूंनी सारखाच येतो. हाताच्या कोपरापासूनच्या लांबीवरून उंची ओळखा किंवा उंचीवरून हात, आकडा एकच: सुमारे ०.८. हा सहसंबंधाचा आकडा. त्याचे नेमके सूत्र कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये बसवले. याच गाल्टन यांनी आनुवंशिकतेच्या आकड्यांवरून माणसांची पैदास सुधारण्याचा सुप्रजननवाद मांडला आणि विसाव्या शतकात त्याच्या नावाखाली घोर अन्याय झाले. दोन मापे एकत्र हलतात एवढेच आलेख सांगतो. त्यावरून माणसांची किंमत ठरवणे हा आलेखाचा निष्कर्ष नव्हता, काढणाऱ्यांचा होता.

हा आकडा काढायचा कसा, हे पावसाच्याच उदाहरणाने पाहू. आडव्या अक्षावर मे महिन्यातला मॉरिशसचा हवेचा दाब, उभ्या अक्षावर त्या वर्षीचा हिंदुस्थानातला पाऊस. एक वर्ष म्हणजे एक ठिपका. दोन्ही सरासऱ्यांच्या जागी एकेक रेषा ओढली की कागदाचे चार चौक पडतात. ठिपके मुख्यतः वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या चौकांत असतील तर दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढतात आणि घटतात. गुणांक धन येतो. उरलेल्या दोन चौकांत गर्दी असेल तर एक वाढली की दुसरी घटते. गुणांक ऋण येतो. चारही चौकांत सारखीच पांगापांग असेल तर आकडा शून्याजवळ राहतो. सगळे ठिपके एका सरळ रेषेवर आले तरच तो अधिक एक किंवा उणे एक होतो. निसर्गात तसे क्वचितच घडते.

सिमल्यातले गणित

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १८६८ चा, लँकेशायरमधल्या रॉचडेलचा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून १८८९ मध्ये ते गणितात विद्यापीठात पहिले आले. फिरत्या वस्तूंच्या गतिशास्त्राचा त्यांना नाद होता. बूमरँगच्या उड्डाणावर त्यांनी शोधनिबंध लिहिले आणि मित्रांत ‘बूमरँग वॉकर’ हे नाव पडले. बासरीच्या रचनेचाही त्यांनी अभ्यास केला. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या वेधशाळांची सूत्रे हाती घेतली. हवामानाचा अनुभव नसलेल्या गणितज्ञाची निवड एलियट यांनी जाणूनबुजून घडवून आणली होती. अनुभवाची मर्यादा त्यांनी स्वतः भोगली होती.

वॉकर यांनी सिमल्याच्या कचेरीत बसून प्रश्नच नव्याने मांडला. वातावरणाच्या समीकरणांतून पाऊस काढणे त्या काळात शक्य नव्हते. पण जगभरच्या ठाण्यांत दाब, तापमान आणि पाऊस यांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी पडून होत्या. त्यांच्यातले कोणते आकडे पुढच्या मान्सूनशी जोडलेले आहेत, हे सहसंबंधाने शोधता येईल. संगणक नव्हता. कारकुनांच्या हातांनीच प्रत्येक ठाण्याच्या प्रत्येक महिन्याची सरासरी, दरवर्षीचा फरक, फरकांचे गुणाकार आणि त्यांच्या बेरजा होत होत्या. हिंदी कर्मचाऱ्यांच्या या मूक कष्टांवर पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

१९०९ च्या सुमारास वॉकर यांनी अंदाजासाठी रेषेचे सूत्र वापरायला सुरुवात केली. त्यात चार मुख्य घटक होते: मे अखेरचे हिमालयातले बर्फ, मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबारचा पाऊस. प्रत्येक घटकाला त्याच्या सहसंबंधाप्रमाणे वजन दिले होते. पूर्वी अधिकाऱ्याच्या मनात होणारी तोलामापी आता कागदावर आली आणि ती कोणालाही तपासता येऊ लागली. हा बदल फार मोठा होता. चुकीचा अंदाजही आता शिकवू शकत होता, कारण चूक नेमकी कुठे झाली हे शोधता येत होते.

पुढे वॉकर यांचा आवाका वाढत गेला. कैरो, ऑस्ट्रेलियातले डार्विन, बटाव्हिया, होनोलुलू, सामोआ, सँटियागो अशा ठाण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले जाऊ लागले. त्या जंगलातून एक प्रचंड आकृती वर आली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब जास्त असतो तेव्हा आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हिंदी महासागराच्या टापूत तो कमी असतो. काही काळाने पारडे उलटते. १९२४ मध्ये वॉकर यांनी या आंदोलनाला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकमधली दोन लहान आंदोलनेही त्यांनी ओळखली. त्याआधी युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या काहींना या उलटसुलट चालीची चाहूल लागली होती, पण तिला मोजून जगाच्या नकाशावर बसवले ते सिमल्याच्या कचेरीने.

भारतातल्या संख्याशास्त्राचा एक धागाही इथून निघतो. १९२२ ते १९२६ या काळात कोलकात्याच्या अलिपूर वेधशाळेत हवामानतज्ज्ञ असलेले प्रशांतचंद्र महालनोबिस वॉकर यांच्या सूचनेवरून वरच्या हवेतल्या मापांच्या सहसंबंधांवर काम करत होते. पुढे १९३१ मध्ये त्यांनीच भारतीय सांख्यिकी संस्था उभारली.

वॉकर यांनी स्वतःलाच घातलेला धाक

वॉकर यांचे मोठेपण मला दक्षिणी आंदोलनापेक्षाही एका वेगळ्या निबंधात दिसते. १९१४ मध्ये त्यांनी सहसंबंध खरा कोणता आणि योगायोगाचा कोणता, याचा निकष मांडला. त्यांचा मुद्दा साधा आणि निष्ठुर आहे. समजा चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत. दोन गोष्टींचा काडीचाही संबंध नसला तरी त्यांचा गुणांक नेमका शून्य येणार नाही. निव्वळ नशिबाने तो ०.१६ च्या आसपास इकडेतिकडे हलेल, आणि वीसांत एखाद्या वेळी ०.३ च्याही पुढे जाईल. आता शंभर ठाण्यांचे आकडे तपासले तर त्यांपैकी पाचेक ठाणी कसलाही संबंध नसताना ‘चांगला’ गुणांक दाखवतील. संशोधक नेमकी तीच उचलेल, उरलेली पंच्याण्णव विसरेल आणि मोठा शोध लागला म्हणून लिहील. म्हणून वॉकर यांनी बजावले की शंभरांतून निवडलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याला शंभरांतला सर्वांत मोठा म्हणूनच जोखले पाहिजे. हा इशारा आज औषधांच्या चाचण्यांपासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे लागू आहे.

दुसरा धोका जॉर्ज उडनी यूल यांनी १९२६ मध्ये दाखवला. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने होणाऱ्या लग्नांचे प्रमाण आणि मृत्यूचे प्रमाण यांचा १८६६ ते १९११ मधला सहसंबंध त्यांनी काढला. तो ०.९५ निघाला. लग्ने चर्चमध्ये न लावल्याने माणसे कमी मरू लागली, असे कोणीही म्हणणार नाही. दोन्ही आकडे त्या काळात आपापल्या कारणांनी घटत होते, एवढेच. काळाबरोबर सरकणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी एकमेकींच्या सोबतीणी वाटू लागतात. याच यूल यांची आणि वॉकर यांची नावे आज एका समीकरणात जोडली आहेत: मागच्या वर्षांवरून पुढचे वर्ष काढण्याची यूल-वॉकर समीकरणे. वॉकर यांनी त्या कामात डार्विनच्या दाबाच्या नोंदी वापरल्या होत्या.

सूत्राचा कल ठळक असेल त्याच वर्षी बोलावे, एरवी गप्प राहावे, असे वॉकर यांचे मत होते. १९२४ मध्ये ते निवृत्त होऊन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले.

सिमला ऑफिस

१९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर सिमला ऑफिस म्हणू लागले, आणि शेजारचा चौक आजही सिमला ऑफिस चौक आहे. रोज तिथून जाणाऱ्या कित्येकांना हे नाव कुठून आले ते ठाऊक नसते.

या काळात सूत्रांची उलटतपासणी सुरू झाली. १९३१ मध्ये खात्यातले एस. आर. सवूर यांनी सूत्रे ज्या वर्षांवरून बांधली त्यांच्या पुढच्या वर्षांत ती कशी चालली, हे तपासून प्रसिद्ध केले. रेषेची खरी कसोटी हीच. जे ठिपके पाहून रेषा काढली त्यांच्यावर ती बसणारच. रेषा काढताना जे ठिपके जन्मालाच आले नव्हते त्यांच्यावर ती बसते का, हा प्रश्न. वॉकर यांचे बरेच घटक या कसोटीवर ढिले पडले. १९५३ मध्ये खात्याचे माजी प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी लंडनमध्ये एका व्याख्यानात स्पष्ट सांगितले की भारतीय मान्सूनवरून पुढच्या ऋतूंतल्या जगाच्या हवामानाचे अंदाज बांधणे, मान्सूनचा अंदाज बांधण्यापेक्षा सोपे आहे. मान्सून हा जगाच्या हवामानाच्या ताटाखालचे मांजर नाही, तो स्वतः त्याला हलवणारा घटक आहे.

वॉकर १९५८ मध्ये वारले. तोवर दक्षिणी आंदोलन हे अनेकांच्या लेखी आकड्यांचे कुतूहल होते. ते का घडते, याचे उत्तर नव्हते. ते १९६९ मध्ये मिळाले. नॉर्वेचे याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवले की पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला एल निनो, म्हणजे पूर्व पॅसिफिकच्या पाण्याचे तापणे, आणि वॉकर यांचे दाबाचे आंदोलन ही एकाच यंत्रणेची दोन अंगे आहेत. पाणी पूर्वेला तापले की व्यापारी वारे मंदावतात. वारे मंदावले की पाणी आणखी तापते. विषुववृत्तावरून पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या त्या चक्राला ब्यर्कनेस यांनी वॉकर यांचे नाव दिले. पंचेचाळीस वर्षे वाट पाहून एका सहसंबंधाला त्याचे कारण सापडले. ज्यांना ते कधीच सापडले नाही, असे सहसंबंध त्याच वह्यांत कितीतरी होते.

सोळा घटक आणि २००२

१९८७ मध्ये देशात पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ८१ टक्केच पडला. त्या वेळी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचे सचिव होते डॉ. वसंत गोवारीकर. पुण्यात जन्मलेले, घन इंधनाच्या संशोधनाने भारताच्या अवकाश कार्यक्रमाला बळ देणारे, विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे माजी संचालक. हवामान खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. गोवारीकरांनी खात्यातल्या शास्त्रज्ञांना एकत्र आणले आणि व्ही. थपलियाल आदी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये सोळा घटकांचे प्रारूप वापरात आणले. त्यात एल निनो होता, युरेशियातले आणि हिमालयातले बर्फ होते, डार्विन आणि अर्जेंटिनाचे दाब होते, वरच्या थरांतले वारे होते. ब्लॅनफर्ड यांचे बर्फ आणि वॉकर यांची दक्षिण अमेरिका असे दोन्ही वारसे त्यात एकत्र आले. रेषाही सरळ राहिली नाही. घटकांना घात देऊन ती वाकवली होती.

महाराष्ट्राने हे प्रारूप आपले मानले. ‘गोवारीकर मॉडेल’ हे शब्द गावच्या पारावर आणि बाजार समितीत ऐकू येऊ लागले. अंदाज पुन्हा लोकांसमोर, एका आकड्याच्या रूपात येऊ लागला. सर्वसामान्य शेतकरी आणि विज्ञान यांच्यात असा पूल बांधणे ही गोवारीकरांची मोठी कामगिरी आहे आणि ती कोणत्याही एका वर्षाच्या अपयशाने पुसली जात नाही.

१९८८ पासूनची चौदा वर्षे देशव्यापी दुष्काळ पडला नाही. प्रारूपही बहुतेक वर्षी सरासरीच्या आसपास सांगत राहिले आणि विश्वास वाढत गेला. पण त्या चौदा वर्षांत प्रारूपाची खरी परीक्षा झालीच नव्हती. दरवर्षी ‘सरासरीइतका पाऊस’ असे नुसते म्हटले असते तरी ते बहुतेकदा खरे ठरले असते. १९९७ मध्ये शतकातला एक सर्वांत तीव्र एल निनो आला, तरी भारतात पाऊस १०२ टक्के झाला. १९९९ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे के. कृष्ण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की एल निनो आणि मान्सून यांचे नाते अलीकडच्या दशकांत सैल झाले आहे. नाते मोजून ठेवले म्हणून ते तसेच राहील, असे निसर्गाने कोणालाही लिहून दिलेले नाही.

मग २००२ आले. अंदाज होता १०१ टक्के. जुलैमध्ये देशात नेहमीच्या निम्माच पाऊस झाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. १८९९ ची आठवण यावी अशी ही चूक होती, पण या वेळी खात्याने अंदाज लपवला नाही. २००३ मध्ये सोळा घटक बाजूला ठेवून आठ आणि दहा घटकांची नवी प्रारूपे आली. पुण्याच्या कार्यालयात एम. राजीवन आणि सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले. २००४ मध्ये पुन्हा चूक झाली. २००५ मध्ये मूळच्या पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी राजीवन आणि रवी नंजुंडय्या यांच्यासोबत ‘करंट सायन्स’मध्ये या अपयशाची कारणे उघडपणे मांडली. अंदाज देणारा आणि त्याची चिकित्सा करणारी एकाच लेखाचे सहलेखक असणे, हे विज्ञानाच्या निरोगीपणाचे लक्षण आहे. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एल निनोच्या जोडीला विषुववृत्तीय हिंदी महासागरावरचे वाऱ्याचे आंदोलनही पाहिले पाहिजे, हे आधीच, २००४ मध्ये दाखवून दिले होते.

घटक जितके जास्त तितका अंदाज चांगला, हा समज २००२ ने मोडला. थोड्या दशकांच्या ठिपक्यांवर पुष्कळ घटक लादले की रेषा भूतकाळाच्या प्रत्येक खाचखळग्यात बसवता येते. पण त्या खळग्यांतले पुष्कळसे योगायोगाचे असतात. वॉकर यांनी १९१४ मध्ये हेच बजावले होते.

रेषेचे देणे किती?

थोडा हिशेब करून पाहू. भारताच्या मान्सूनच्या पावसाचे प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या विखुरलेपणाचे माप, सरासरीच्या सुमारे दहा टक्के आहे. एल निनोच्या निर्देशांकाशी त्याचा सहसंबंध उणे ०.५ ते ०.६ च्या घरात येतो. ०.६ धरू. आता एल निनो त्याच्या स्वतःच्या मापात दोन एकके तीव्र असेल, तर रेषा पाऊस १.२ एकके कमी सांगेल, म्हणजे सुमारे ८८ टक्के. गाल्टन यांच्या उंच आईबापांसारखेच, टोकाचे कारण आणि त्याहून सौम्य अंदाज. म्हणून रेषेवरून काढलेला अंदाज ८० टक्क्यांचा भीषण दुष्काळ सहसा आधी सांगत नाही. हा खात्याचा भित्रेपणा नव्हे, गणिताचा स्वभाव आहे.

दुसरा हिशेब याहून बोलका आहे. ०.६ चा वर्ग ०.३६. म्हणजे पावसाच्या चढउतारांपैकी जेमतेम एक तृतीयांशाचा हिशेब एल निनो देतो. उरलेला इतर कारणांकडे आणि नशिबाकडे. एल निनो तंतोतंत ठाऊक असला तरी अंदाजातली अनिश्चितता दहा टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर येते, शून्यावर नाही. तरीही ते दोन टक्के टाकाऊ नाहीत. धान्याचा साठा, धरणातले पाणी, विमा आणि चारा यांचे देशपातळीवरचे नियोजन करणाऱ्याला एवढी आघाडीही मोलाची असते.

आज खाते संख्याशास्त्रासोबत वातावरण आणि महासागर यांची समीकरणे सोडवणारी संगणकीय प्रारूपे वापरते. पुण्याच्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. अंदाजासोबत संभाव्य चुकीचा पट्टाही छापला जातो. २०२३ मध्ये एप्रिलचा अंदाज ९६ टक्के, अधिक-उणे पाच होता आणि पाऊस झाला ९४ टक्के. २०२४ मध्ये १०६ टक्के, अधिक-उणे पाच असा अंदाज होता आणि पाऊस झाला १०८ टक्के. दोन्ही वर्षी उत्तर पट्ट्यात बसले.

एक गोष्ट मात्र वाचकाने विसरू नये. हा आकडा सबंध देशाचा आणि चार महिन्यांचा असतो. देशात १०० टक्के पाऊस झाला तरी माण-खटाव कोरडे राहू शकते आणि कोकणात पूर येऊ शकतो. त्या आकड्यावरून पेरणीचा दिवस ठरवणे चूक. त्यासाठी जिल्ह्याचा आठवड्याभराचा अंदाज आणि जमिनीतली ओल पाहावी. पुढच्या एप्रिलमध्ये वेधशाळेचा आकडा वर्तमानपत्रात येईल तेव्हा त्याच्या मागचे अधिक-उणेही वाचा, आणि कोणी सहसंबंधाचा मोठा आकडा पुढे केला तर तीन प्रश्न विचारा: किती वर्षांचे ठिपके आहेत, किती घटकांतून हा निवडला, आणि न पाहिलेल्या वर्षांवर तो टिकला का? वॉकर यांनी हे प्रश्न स्वतःच्या सूत्रांना विचारले होते. आपणही ते प्रत्येक अंदाजाला विचारले पाहिजेत.